भिंत पोकळ वाजली तेव्हा

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या उत्तरेला, सांता फे आणि ताओसच्या मधल्या डोंगरात, बऱ्याच जुन्या खेड्यांत एखादे मातीचे चर्च असतेच. स्पेनची सत्ता इथे १८२१ पर्यंत होती. त्या काळातले हे बांधकाम म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, त्यावर मातीचा गिलावा, वर लाकडी तुळया आणि मातीचेच सपाट छप्पर. सोलापूरकडचे माळवद ज्याने पाहिले आहे, त्याला जास्त समजावून सांगायला नको. अशा इमारती तपासणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग.

त्या दिवशीचे काम तसे किरकोळ होते. एका लहानशा चॅपेलच्या नैर्ऋत्य कोपऱ्याला फुगवटा आला होता. कंत्राटदाराने सिमेंटची डागडुजी सुचवली होती, आणि चॅपेलची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला (इथे त्यांना मायोरदोमो म्हणतात) माझ्याकडून फक्त होकार हवा होता.

हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत निघाले. डोक्याच्या उंचीवर आवाज भरीव. कमरेखाली बद्द. कोपऱ्यावर तर सरळ पोकळ. आजोबांना विचारून तिथे वीतभर चौकोन कापला. सिमेंटचा पापुद्रा आतल्या चिकन मेशसकट (तारेच्या जाळीसकट) अखंड निघून हातात आला आणि मागची माती ओघळायला लागली. विटांचे थर, सांधे, काही म्हणजे काही ओळखू येईना. हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. आत गार चिखल आणि कुजक्या गवताचा वास. वरच्या तुळईचे वजन मग कोण पेलत होते? थोडेफार ते इंच-दीड इंचाचे कवचच! आधी सगळ्यांना बाहेर काढले, तुळईला टेकू दिले, आणि मगच बोलायला बसलो.

मातीच्या भिंतीत ओल येणारच. जमिनीतून वर चढते, छपराची पन्हळ गळाली की वरून उतरते. गिलावा मातीचा असला तर ती उन्हावाऱ्याने निघूनही जाते. सिमेंटला इथल्या कडक थंडीत आणि उन्हात केसभर चिरा पडतात. त्यातून पाणी आत शिरते आणि अडकते. ओली वीट भार घेत नाही, ती खाली बसते. यात सगळ्यात वाईट हे की बाहेरून भिंत धडधाकट दिसते. मातीचा गिलावा धुपला की निदान डोळ्यांना दिसतो, कोणीतरी शिडी लावतो.

आजोबा बराच वेळ त्या भोकाकडे बघत होते. म्हणाले, "सिमेंट माझ्या वडिलांनी लावलं. सगळ्या गावानं पैसे काढले होते."

त्यांच्या वडिलांना दोष द्यायला माझी जीभ वळेना. गिलावा करणे हे इथे पिढ्यान् पिढ्या बायकांचे काम. दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगावची माणसे लॉस अलामोसच्या अणुसंशोधन प्रयोगशाळेत आणि शहरांत नोकरीला जाऊ लागली. दर उन्हाळ्यात माती कालवायला हात कुठून आणणार? सिमेंटचे पोते म्हणजे सुटकाच वाटली असणार.

मी त्यांना रांचोस दे ताओसचे उदाहरण दिले. तिथले सान फ्रान्सिस्को दे आसिस हे चर्च १८१६ च्या सुमारास पुरे झाले. चित्रकार जॉर्जिया ओकीफने चितारलेली, छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने टिपलेली त्याची पाठीमागची बाजू जगाला ठाऊक आहे. दरवाजाकडे कोण बघतो! त्या चर्चवरही १९६७ मध्ये सिमेंट चढवले होते. दहा-बारा वर्षांतच आतल्या विटा भुसभुशीत झाल्याचे उघडकीला आले. लोकांनी वाद घातले, पर्याय तपासले आणि १९७९ मध्ये सिमेंट उतरवून पुन्हा मातीकडे वळले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गावकरी आणि पाहुणे मिळून माती, वाळू आणि पेंढा कालवतात आणि हाताने भिंतींवर चढवतात.

आजी हे सगळे जाणून होत्या. त्या फटकन म्हणाल्या, "तिकडे फोटो काढायला जग येतं. आमच्याकडे माती लावायला कोण येणार, तू?"

याला माझ्याकडे तांत्रिक उत्तर नव्हते. भिंत दुरुस्त करणे त्या मानाने सोपे. टेकू ठेवून थोड्या थोड्या अंतरावर सडलेल्या विटा काढायच्या, नव्या बसवायच्या, मग मधल्या. पायथ्याला भरीने चढलेली जमीन उतरवून पाणी लांब वळवायचे. हे मी कागदावर काढून दिले.

दुपारी ओढ्याकाठची माती बघायला गेलो. नियमाप्रमाणे मी बरणीत माती-पाणी हलवून थर बसायची वाट बघत होते. आजींनी तोवर चिमूटभर माती बोटांत चोळली, जिभेला लावली आणि सांगितले, चिकणमाती फार आहे, वाळू घाला, नाहीतर तडकेल. बरणीनेही शेवटी तेच सांगितले, तासाभराने.

संध्याकाळी आजींनी फोनाफोनी करून आपल्या बहिणी, सुना, नातवंडांना बोलावले. अट एकच घातली: पोरांना शिडीवर चढू द्यायचे, त्यांच्या आयांनी मधे पडायचे नाही. कंत्राटदाराला मी नकार कळवला. उत्तरेची भिंत अजून सिमेंटखाली आहे. तीही खालून बद्द वाजते, पण तिच्यासाठी पैसे नाहीत. जुलैचे पाऊस तोंडावर होते, म्हणून तिथे तूर्त चर खणून घ्यायला सांगितला आणि पन्हळ बदलायला लावली.