डिस्चार्ज ‘आज’ आहे म्हणे

बाबांना अटॅक आला मंगळवारी पहाटे. घोडबंदर रोड तुंबायच्या आत आम्ही ठाण्यातल्या हॉस्पिटलात होतो. ईसीजी दहा मिनिटांत निघाला, तासाभरात अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. त्याबद्दल काडीची तक्रार नाही. तक्रार आहे शुक्रवारची.

सकाळी राऊंडला डॉक्टर म्हणाले, “आज घरी जा.” आईने लगेच पिशव्या भरल्या. दहा वाजता कळलं, फाइल खाली गेलीय. बारा वाजता, टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी एजन्सी) क्वेरी आलीय. दोन वाजता, उत्तर लिहायला आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, जागेवर नाहीत. बाबा शर्ट घालून पलंगाच्या कडेला बसलेले, हातात सुई तशीच. मी बिलिंगच्या खिडकीवर पाचव्यांदा. विमा नियामकाचं २०२४ चं परिपत्रक मी वाचलेलं होतं: हॉस्पिटलची विनंती पोचल्यापासून तीन तासांत डिस्चार्जची मंजुरी द्यायची, उशीर झाला तर जादा खर्च विमा कंपनीच्या माथी. ते ऐकवलं. खिडकीतला मुलगा शांतपणे म्हणाला, “सर, फायनल बिल अजून पाठवलंच नाहीये.” म्हणजे माझे तीन तास सुरूच झाले नव्हते! तेव्हा सकाळीच विचारा, बिल टीपीएला गेलं का आणि किती वाजता.

साडेपाचला कागद हातात आले. बिल तिघांनी तपासलेलं, डिस्चार्ज कार्ड बहुधा कुणीच नाही. टिकाग्रेलोर ९० मिग्रॅ, ‘रात्री एक’. सिस्टर तर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ देत होत्या! ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी. कमी पडली तर नव्या स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. विचारल्यावर आरएमओंनी “अरे हो, टायपिंगमध्ये राहिलं” म्हणत पेनाने दुरुस्त केलं. सही मी मागून घेतली. वॉर्डातल्या औषधांच्या तक्त्याचा आदल्या दिवशीच फोटो काढून ठेवा, मग कार्ड ताडून बघता येतं.

निघताना फीडबॅक फॉर्म. जेवण, स्वच्छता, पार्किंग, सगळ्याला तारे द्यायचे. औषधं कुणी समजावून सांगितली का, हा रकानाच नाही. मी ते पार्किंगच्या रकान्यात लिहून आलो.

आणि हो, अँजिओग्राफीची सीडी आणि स्टेंटचं स्टिकर त्याच दिवशी मागून घ्या. आम्ही विसरलो, सोमवारी पुन्हा हेलपाटा.