छोट्या प्लॉटवर भाजीपाला: जागेपेक्षा आठवडे मोजले, माझा अनुभव

प्लॉट हातात यायच्या आधीच माझी भाज्यांची यादी भली मोठी झाली होती, आणि प्लॉट म्हणजे सामायिक बागेतला ८ मीटर बाय ६ मीटरचा तुकडा. ४८ चौरस मीटर ऐकायला बरेच वाटतात, पण आखणीला बसलं की कळतं. वाफा १.२ मीटरपेक्षा रुंद ठेवून चालत नाही कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, आत पाय टाकला की माती दबते आणि दबलेल्या मातीत मुळं नीट जात नाहीत, मग मधल्या वाटा ४५ सेंटीमीटर तरी हव्यातच, घमेलं घेऊन उकिडवं बसता आलं पाहिजे ना. असं करत ५ मीटर लांबीचे चार वाफे बसले, प्रत्येकी ६ चौरस मीटर. म्हणजे लागवडीखाली २४ चौरस मीटर, बरोबर निम्मी जमीन. बाकी निम्मी वाटा, कंपोस्टचा ढीग आणि पाण्याचा ड्रम यांत गेली.

हे पाहिल्यावर मी यादी बाजूला ठेवली आणि कागदावर वाफ्यांचं चित्र काढायच्या ऐवजी आठवडे लिहायला घेतले. चार वाफे, आडव्या चार ओळी, आणि प्रत्येक ओळीत वर्षाचे ५२ आठवडे. मग प्रत्येक भाजी वाफा किती दिवस अडवून ठेवते ते भरलं. मुळा ४ ते ५ आठवडे. पालक साधारण ६. बुटका घेवडा पहिली शेंग येईपर्यंत ८ आणि नंतर तोडणीचे ३-४. गाजर १० ते १३. टोमॅटो मात्र बराच काळ ठाण मांडून बसतो, पण त्याचे पहिले ६ आठवडे रोपांच्या ट्रेमध्ये जातात आणि ते वाफ्याच्या खात्यात धरायचे नाहीत, ही छोट्या प्लॉटवरची मला वाटतं सगळ्यात मोठी बचत आहे. आधीचं पीक वाफ्यात संपतंय तोवर पुढच्याची रोपं ट्रेमध्ये तयार होत असतात, वाफा रिकामा राहतो तो फक्त कंपोस्ट पसरण्यापुरता.

ज्या भाज्या नवीन आहेत त्यांना मी आणखी एक प्रश्न विचारला, ही किती आठवडे अडवते आणि त्या बदल्यात किती वेळा तोडू देते? कोबी एकदाच कापायचा. फ्लॉवर तर अजून नाजूक आणि एकदाच. काकडी, घेवडा, मिरची, पालक (बाहेरची पानं खुडत गेलं तर) पुन्हा पुन्हा देतात. मका मी यादीतून काढला, कारण त्याचं परागीकरण वाऱ्याने होतं, एका ओळीत लावला तर कणसं अर्धवट भरतात, चौकोनात गठ्ठ्याने लावावा लागतो आणि तेवढा चौकोन माझ्याकडे नव्हता. बटाटाही काढला. वाईट वाटलं, पण ठीक.

चार वाफे ठेवण्यामागे फेरपालट हेही कारण होतं. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच घरातली, त्यांचे मातीतले रोग आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे अगदी बारीक जंत) बरेचसे सारखेच, म्हणून वांग्यानंतर टोमॅटो लावला तर बदल झाला असं होत नाही. तसंच मुळा आणि कोबी एका घरातले, दिसायला कितीही वेगळे असले तरी. त्यामुळे एक वाफा टोमॅटो-मिरचीचा, एक शेंगांचा आणि त्यांच्यामागून कोबीचा, एक गाजर-बीट-कांद्याचा, एक वेलांचा, आणि दर वर्षी सगळे एक वाफा पुढे. कुठलंही कुटुंब त्याच मातीत ३-४ वर्षांनीच परत यावं असा हिशेब.

वेलांचा मांडव कुठे करायचा हे उन्हावर ठरवलं. फळभाज्यांना दिवसाला निदान ६ तास थेट ऊन लागतं, ८ मिळाले तर उत्तम, पालेभाज्या ४-५ तासांतही भागवून घेतात. उत्तर गोलार्धात उंच वेल प्लॉटच्या उत्तर टोकाला ठेवले तर त्यांची सावली बाकीच्यांवर पडत नाही, दक्षिण गोलार्धात उलट. पण कागदावरची दिशा पुरेशी नसते, शेजारची भिंत, झाड सगळं मोजावं लागतं, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जाऊन सावली कुठे पडते तिथे काठ्या रोवल्या. एक कोपरा दुपारनंतर सावलीत जातो हे तेव्हा दिसलं, तो पालक आणि कोथिंबिरीला दिला.

मातीचं सांगते. एका बरणीत थोडी माती, भरपूर पाणी, जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाला बसते, बारीक पोयटा काही तासांत, आणि चिकणमाती एखादा दिवस किंवा जास्तही पाणी गढूळ ठेवते. माझ्या बरणीत चिकणमातीचा थर जाड होता, म्हणजे पाणी आणि अन्न धरून ठेवणारी पण पटकन घट्ट होणारी माती. सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कली आहे ते) तपासून घेतला, तो ६ ते ७ मध्ये असला की बहुतेक भाज्या खूश असतात आणि तो तेवढाच आला, त्यामुळे त्यात काही घातलं नाही. फक्त कंपोस्ट, प्रत्येक वाफ्यावर ५ सेंटीमीटरचा थर. हिशेब केला तर ६ चौरस मीटरला ५ सेंटीमीटर म्हणजे ३०० लिटर होतं, चार वाफ्यांना १२०० लिटर, हा आकडा बघून मला धडकी भरली आणि मग स्वतःचा ढीग करणं किती गरजेचं आहे ते कळलं. गाजराच्या वाफ्यात मात्र ताजं शेणखत अजिबात जाऊ दिलं नाही, नत्र जास्त झालं की पाला वाढतो आणि मुळं फाटे फुटून येतात, तिथे जुनं पूर्ण कुजलेलंच टाकलं.

तणांनी मात्र दमवलं. हराळी आणि लव्हाळा दोन्ही होते आणि दोघांचा इलाज वेगळा आहे हे लोक फारसं सांगत नाहीत. हराळी पुठ्ठ्याखाली उजेड बंद केला की हळूहळू थकते, पण लव्हाळ्याचं टोक ओला पुठ्ठा भोसकून वर येतं, आणि जमिनीत त्याच्या गाठींची माळ असते, वरून उपटला तर गाठ आतच राहते आणि पुन्हा फुटते. शेजारच्या प्लॉटवरचे काका म्हणाले, "खणू नकोस, तोडतच रहा, पान वर आलं की लगेच काढ, गाठीतला साठा संपला पाहिजे." तसंच केलं. दर वेळी गेले की आधी लव्हाळा आणि मग बाकी काम, आणि एका हंगामात तो पूर्ण गेला नाही पण बारीक आणि विरळ झाला, एवढा की गाजराची रोपं त्यात हरवत नव्हती.

गाजराचं बी हळू उगवतं, २ ते ३ आठवडेही घेतं आणि तेवढा वेळ वरची माती सुकता कामा नये, चिकणमातीत तर वर पापडी धरते आणि कोंब अडकतो. त्यासाठी त्याच ओळीत मधून मधून मुळ्याचं बी टाकलं. मुळा ४-५ दिवसांत वर येतो, पापडी फोडतो, ओळ कुठे आहे ते दाखवतो म्हणजे खुरपणी करता येते, आणि गाजर जाड व्हायच्या आत मुळा काढून खाऊनही होतो. आठवड्यांच्या तक्त्यात दोन पिकं एकाच चौकोनात बसली. टोमॅटोच्या वाफ्यातही तेच, रोपं ५०-६० सेंटीमीटरवर लावली की सुरुवातीचा महिनाभर मधली जागा मोकळीच असते, तिथे पालक घेतला.

रोपांच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त हळवी आहे. मिरचीला उगवायला ऊब लागते, २५ ते ३० अंश, आणि तरीही दोन-तीन आठवडे लावू शकते, टोमॅटो त्या मानाने आठवड्याभरात डोकं वर काढतो. कोवळी रोपं मातीलगत बारीक होऊन एका रात्रीत आडवी होतात ती बुरशी, ओल जास्त आणि हवा कमी असली की येते, म्हणून बी विरळ पेरलं, पाणी ट्रेच्या खालून दिलं आणि ट्रे हवेशीर जागी ठेवला. बाहेर लावायच्या आधी आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं जास्त ऊन-वारा दाखवला. हे टाळू नका, आतल्या उजेडात वाढलेलं पान थेट उन्हात गेलं की पांढरं पडून करपतं आणि रोप तिथेच अडकतं.

मग पाणी. वाढत्या भाजीला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरतात, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर, माझ्या २४ चौरस मीटरला ६०० लिटर. ड्रम २०० लिटरचा. त्यामुळे पाऊस नसेल त्या आठवड्यात ड्रम तीनदा भरणं आलं, आणि म्हणून वाळलेल्या पाल्याचं आच्छादन हा माझ्यासाठी अगदी जिव्हाळ्याचा विषय झाला. बोटभर माती उकरून बघायची, आत ओल असेल तर पाणी नाही. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर दिलेलं बरं, मुळं खाली जातात. टोमॅटोला पाणी कधी खूप कधी नाही असं झालं की फळाच्या टोकाला काळा खोलगट डाग येतो, लोक औषध शोधतात पण ते फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्यामुळे होतं आणि बहुतेक वेळा नियमित पाणी हाच त्यावर उपाय. पाणी बुंध्याशीच, पानांवर नाही, खालची मातीला टेकणारी पानं काढून टाकायची, करप्याला जेवढी ओली पानं कमी मिळतील तेवढं चांगलं.

उन्हाचा तडाखा वाढला तेव्हा टोमॅटोची फुलं गळायला लागली. पारा ३५ च्या पुढे आणि रात्रीही उकाडा असला की पराग नीट काम करत नाही, तिथे खत वाढवून काहीच होत नाही, उलट नत्राने नुसता पाला येतो. दुपारपुरती सावलीची जाळी बांधली आणि वाट बघितली, गारवा आल्यावर फळं धरली.

घेवड्यावर मावा आला. पहिल्यांदा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झोडपला, पानांच्या खालच्या बाजूने. आणि त्याच पानांवर काळसर, नारिंगी ठिपक्यांच्या, लांबट अळ्या होत्या, दिसायला अगदी भयानक, पण त्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या असतात आणि मावा खातात. त्या दिसल्यावर मी फवारणीचा विचारच सोडला. कृपया या अळ्या ओळखायला शिका, कितीतरी लोक नुकसान करणारी म्हणून ह्यांनाच चिरडतात. कोबीला मात्र वाट बघून उपयोग नाही, पतंग अंडी घालून जातो आणि अळ्या गड्ड्यात शिरल्या की हात पोचत नाही, म्हणून लावल्या दिवसापासून बारीक जाळी, कडा मातीत दाबून.

तोडणी सुरू झाली की प्लॉटवर एक दिवसाआड जावंच लागतं हे आधीच वेळापत्रकात धरा. काकडी आणि घेवडा वेळेवर तोडले नाहीत, आत बी पक्कं झालं, की झाड नवीन फुलं आवरतं घेतं. आणि सगळं एकदम येऊ नये म्हणून मी घेवडा, मुळा, पालक एका दिवशी पूर्ण पेरलेच नाहीत, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने ओळीचा एकेक तुकडा. तक्त्यात हे तिरक्या पायऱ्यांसारखं दिसतं आणि खरंच तसंच घरी येतं, थोडं थोडं पण सलग. भोपळ्याला भरपूर फुलं येऊन फळ धरत नव्हतं, मधमाश्या कमी होत्या, तर सकाळी लवकर नर फूल खुडून मादी फुलात (जिच्यामागे इवलं फळ असतं ती) फिरवलं, पुढची फळं धरली.

आत्ता घेवडा संपलाय. उपटला नाही, जमिनीलगत कापला, मुळं आतच कुजतील. त्या जागी कोबीची रोपं जायची आहेत, ट्रेमध्ये चार-पाच पानांवर आली आहेत. तेवढ्यात उरलेलं बी तपासून घेतलं, ओल्या कागदात दहा-दहा बिया गुंडाळून ठेवायच्या आणि किती उगवतात ते मोजायचं. टोमॅटोचं बी नीट ठेवलं तर चार वर्षंही चालतं, ते सगळं छान उगवलं. पण कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांतच दम सोडतं, त्यातलं जेमतेम थोडं उगवलंय, तेव्हा कांद्याचं नवीन आणावं लागेल आणि गाजराच्या वाफ्यातल्या त्याच्या आठवड्यांवर मी सध्या पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलंय.