घेवडा, तिसरी लावण: खोड चिरलं तेव्हा कळलं

मंडळी, घेवडा (म्हणजे फरसबी) आला! त्रिपुरी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी पहिली तोडणी केली. 17 झाडांच्या 640 ग्रॅम शेंगा. बी घटस्थापनेला टोकलं होतं, म्हणजे हा 49वा दिवस. साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर अजून धुकं होतं, शेंगा हाताला गार लागत होत्या आणि मोडली की टचकन वाजत होती.

जूनची आणि ऑगस्टची, आधीच्या दोन्ही लावणी फसल्या होत्या. रोपं दोन पानांवर अगदी तरतरीत, मग बाराव्या-तेराव्या दिवशी दुपारी माना टाकायची आणि तीन-चार दिवसांत पिवळी पडून जायची. मी मर (बुरशीने रोपं कोलमडण्याचा रोग) धरूनच चालले होते. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) शेणखतात मुरवून घातला, पाणी निम्म्यावर आणलं, वाफा सहा इंच उचलला, निंबोळी पेंड मिसळली. तरी ऑगस्टात 20 पैकी 15 रोपं गेली.

या वेळी 22 उगवली आणि अकराव्या दिवशी तीन रोपं पुन्हा तशीच मलूल. पोटात गोळा आला. त्यातलं एक मुळासकट उपटलं, धुतलं आणि ओट्यावर उजेडात धरलं. मरीत खोड मातीलगत मऊ, पाणचट होतं, दोऱ्यासारखं बारीक होऊन रोप आडवं पडतं. हे खोड उलट सुजून जाड झालेलं, त्याला उभ्या चिरा. ब्लेडच्या टोकाने साल उचलली तर आत तीन कोष, जिऱ्याहून बारीक, तपकिरी, सालीखाली चिकटून बसलेले. शेजारी एक पांढुरकी अळी.

खोडमाशी! चार महिने मी बुरशीवर औषध घालत होते.

माशी असते जेमतेम दोन मिलिमीटरची, काळी, चकचकीत. ती पहिल्या जोडपानात अंडी घालते. पानाच्या देठाजवळ टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसतात, ते मला जूनपासून दिसत होते आणि मी सोडून दिले होते. अळी देठातून खोडात उतरते, सालीखालून पोखरत मातीपर्यंत येते आणि तिथेच कोषात जाते. मुळांकडचा रस्ता तुटला की रोप उन्हात मान टाकणारच. आणि रोपाभोवती माशीला हवं ते सगळं मीच ठेवलं होतं: शेजारच्या वाफ्यात जुनी चवळी (तिच्यावरही ही माशी वाढते), आणि मेलेली रोपं मी दर वेळी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकत होते, कोषांसकट.

उपाय सासूबाईंनी सांगितला. त्यांचं माहेर कोरेगावकडचं, वाघ्या घेवड्याच्या, म्हणजे दाण्यासाठी पिकवतात त्या घेवड्याच्या रानातलं. खोड बघून म्हणाल्या, "आगं, माती चढव की त्याच्या बुडाला. वरनं मुळ्या फुटत्यात त्याला." उरलेल्या 19 रोपांना त्याच संध्याकाळी भर दिली. भुसभुशीत माती आणि गांडूळखत निम्मं-निम्मं, पार डाळिंब्यांच्या (बियाच्या दोन डाळींच्या) खुणेपर्यंत. वर पाचटाचं आच्छादन, माती ओलसर राहील इतकंच पाणी. आठवड्यात आणखी दोन गेली, मग थांबलं. मेलेली पाचही रोपं काळ्या पिशवीत घट्ट बांधून पत्र्यावर उन्हात टाकली. चवळी उपटली.

विसाव्या दिवशी एका रोपाची माती बोटाने हळूच सारली. खालच्या सुजलेल्या, चिरलेल्या खोडाच्या वर पांढऱ्याशुभ्र नव्या मुळ्यांची झालरच फुटली होती. मी ती माती परत लोटली आणि कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. भाऊबीजेनंतर पाचव्या दिवशी पहिलं फूल.

जात अर्का कोमल, बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेची, बुटकी, मांडव लागत नाही. जूनचं बी इथल्याच एका दुकानातलं होतं, पाकिटावर नुसतं 'फरसबी', ना जात ना तारीख, निम्मंही उगवलं नाही. असलं पाकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. आणि घेवडा कडधान्यातला म्हणून नत्र तोडू नका. त्याच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी आपल्याकडे फारशा येत नाहीत, शेणखत-गांडूळखत हात राखून दिलं तर झाड फिकं पडतं.

भाजी त्याच दुपारी केली. कोवळ्या शेंगांना दोर निघालाच नाही. पेराएवढे तुकडे, तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, कांदा, मग शेंगा परतून पाण्याचा हबका. झाकण पूर्ण लावलं नाही, त्याने रंग हिरवा राहतो. टोमॅटो नको, आंबट आधी पडलं की शेंग शिजायला वेळ घेते आणि काळपटते. शेवटी कांदा-लसूण चटणी आणि जाडसर दाण्याचं कूट. ज्वारीच्या भाकरीबरोबर कढई रिकामी झाली. कच्च्या शेंगा मात्र खाऊ नका, मुलांनाही देऊ नका, घेवडा नीट शिजवूनच खायचा.

पुढची लावण जानेवारीत, पुन्हा भर देऊनच करायची असं ठरवलं होतं. पण हे लिहितानाच डोक्यात आलं: घेवड्याचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, मधमाशी लागत नाही. मग उगवल्या दिवसापासून वाफ्यावर मच्छरदाणी टाकली तर? माशी पानापर्यंत पोचणारच नाही, आणि फुलोऱ्यातही जाळी काढायची गरज नाही. पांढरी जुनी मच्छरदाणी माळ्यावर आहे, तिची भोकं पुरेशी बारीक आहेत का ते बघते. अर्धा वाफा जाळीखाली, अर्धा नुसत्या भरीवर, म्हणजे फरक कळेल. आणि दोन झाडांच्या शेंगा आता तोडायच्या नाहीत, झाडावरच वाळवून बी धरायचं. जूनसाठी सासूबाई माहेराहून वाघ्याचं बी आणणार आहेत. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेला आपल्या जिल्ह्याचा घेवडा आपल्याच परसात नाही, हे मला बरं वाटत नव्हतं.

कुणी घेवड्यावर जाळी वापरली असेल तर भोकाचं माप आवर्जून कळवा. दुसरी तोडणी रविवारी.