टायपिंग…

रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला : उद्यापासून डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरायची नाही. कारण काय, तर लिफ्ट खराब होते. आमची बिल्डिंग सात मजली. वीस लिटरचा पाण्याचा जार जिन्याने सातव्या मजल्यावर कसा चढवायचा, एवढंच विचारायला मी बसलो. तोवर मेसेजखाली अंगठे उगवायला लागले. तीन, सात, अकरा. कुणाचे तरी जोडलेले हातही होते. ते हल्ली कशालाही चालतात.

'हे बरोबर वाटत नाही' असं लिहिलं. पुसलं. 'एक सुचवू का?' तेही पुसलं. म्हटलं, आधी चहा घेऊ. चहा झाला तेव्हा अंगठे चौदा झाले होते आणि माझं मत माझं मलाच आगाऊपणाचं वाटू लागलं होतं.

एलिझाबेथ नोएल-नॉयमन या जर्मन बाईंनी १९७४ मध्ये यावर सिद्धान्तच मांडला. आपलं मत चारचौघांत एकटं पडेल असं वाटलं की माणूस गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याने समोरची बाजू आणखी फुगते, मग पुढचाही गप्प. पाहणीत त्या लोकांना विचारत : पाच तासांचा रेल्वेप्रवास आहे, डब्यात वेगळ्या मताचा माणूस भेटला, तर बोलाल का? आपल्याकडे हा प्रश्न फसलाच असता. गाडीत आपण कर्जतचा वडा संपेपर्यंत सरकार पाडतो. पुण्याला उतरून जायचं असतं ना! सोसायटीतून उतरायचं कुठे?

फ्लॅट छप्पन्न. चौदा अंगठे म्हणजे फार तर पाव बिल्डिंग. हे गणित मला रात्री अंथरुणावर सुचलं.

सोमवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या काकू भेटल्या.

"काल काहीतरी लिहीत होतात ना तुम्ही?"

"मी? छे… म्हणजे, हो."

"दोनदा आलं की तुमचं नाव, टायपिंग म्हणून. म्हटलं, हे लिहितील, मग मी अंगठा देते. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या हो माझ्या!"

चौथ्यावर दार उघडलं. जिन्यात पाणीवाला पोरगा जार पायरीवर टेकवून दम खात होता. काकूंनी दार धरून ठेवलं. "ये रे आत."

त्याने आधी वरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं.