मारामारी नसलेला शेवटचा अंक आणि डबाभर पावडर

पुस्तक भिजून आलं. जुलैचा पाऊस, कुरिअरवाल्याने पाकीट गेटच्या आत भिरकावलं आणि निघून गेला, मी ऑफिसमधून साडेसातला येईपर्यंत ते तुळशीच्या कुंडीला टेकून निवांत भिजत पडलेलं. उघडून बघतो तर पुढची पानं ठीकठाक, आणि मागची तीस-चाळीस पानं एकमेकांना अशी चिकटलेली की जणू कुणी बसून फेविकॉल लावलाय. हा गुळगुळीत चकचकीत कागद एकदा भिजला की संपलंच. आणि नेमका शेवटचा अंक तिथे. ज्याच्यासाठी मी पुस्तक मागवलं तोच.

'यंग ॲव्हेंजर्स' या मार्व्हलच्या सुपरहिरो कॉमिकचा तिसरा भाग होता हा, अंक ११ ते १५ एकत्र. पहिले दोन भाग मागच्या वर्षीच घेऊन झालेले आणि मी अगदी जपून वाचलेले, म्हणजे चहाचा कप लांब ठेवून वगैरे. तक्रार केली तर विकणारा म्हणतो फोटो पाठवा, फोटो पाठवले तर म्हणतो चार दिवस थांबा. चार दिवस कोण थांबतंय! आई म्हणाली, हेअर ड्रायर लावू नकोस, रंग जाईल, पंख्याखाली ठेव आणि पान सुटेल तसतशी मधे पावडर भुरभुरव. तिने तिच्या आईची पोथी एका पावसाळ्यात अशीच वाचवली होती म्हणे. झालं. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या हॉलमध्ये दोन रात्री मी आणि भाची मनू, हातात स्टीलची पट्टी आणि पावडरचा डबा, एकेक पान सोडवत बसलो. एका पानाला कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. त्यामुळे झालं काय, की जो अंक मी एरवी पंधरा मिनिटांत गटकन वाचून "हे काय, फालतू" म्हणून ठेवून दिला असता तो मला दोन रात्री पुरला.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यंग ॲव्हेंजर्स ही टीम मुळात २००५ मधली, ॲलन हाइनबर्ग आणि जिम चुंग यांनी काढलेली. मी म्हणतोय ती त्याच्या नंतरची मालिका, किरन गिलन लेखक आणि जेमी मकेल्वी चित्रकार, जानेवारी २०१३ ला सुरू आणि बरोबर वर्षभरात, जानेवारी २०१४ ला १५ व्या अंकावर बंद. आणि बंद पाडली नाही हां कुणी, कंपनीने गाशा गुंडाळायला लावला असंही नाही. लिहिणारेच म्हणाले, सांगायचं होतं ते सांगून झालं, आता थांबतो. आपण नागराज, ध्रुव आणि डोगावर वाढलेली माणसं, दिवसाला एक रुपया भाड्याने कॉमिक्स आणून रात्रीतून संपवणारी, आपल्याला सुपरहिरो थांबतो हेच माहीत नाही. तो म्हातारा होत नाही, रिटायर होत नाही, फार तर पुढच्या विशेषांकात मरून त्याच्या पुढच्यात परत येतो.

टीम बघा कशी आहे. बिली, ज्यू घरातला, जादू करतो. टेडी, त्याचा बॉयफ्रेंड, अर्धा क्री अर्धा स्क्रल, ह्या दोन परग्रहवासी जमाती, म्हणजे आंतरग्रहीय आंतरजातीय प्रकरण. अमेरिका चावेझ, लॅटिना, दोन आयांची मुलगी, विश्वाला लाथ-बुक्की मारून ताऱ्याच्या आकाराचं भोक पाडते आणि त्यातून पलीकडच्या विश्वात जाते. केट बिशप, पैसेवाल्या बापाची पोर, पॉवर शून्य, नुसता धनुष्यबाण आणि तोंड. नोह-वार, परग्रहावरून आलेला, पण जीव अडकलाय पृथ्वीवरच्या जुन्या गर्ल ग्रुप्सच्या गाण्यांत. डेव्हिड, काळा मुलगा, आसपासच्या माणसांचं ज्ञान शोषून घ्यायची त्याची पॉवर गेली पण तोवर डोक्यात भरलेलं सगळं शाबूत, आणि हा बाबा एवढं ज्ञान घेऊन काय करतो तर फोनवर हेल्पलाइनची नोकरी! माझी पहिली नोकरी कॉल सेंटरमधली, रात्रपाळी, त्यामुळे हा आपला माणूस हे मी तिथेच ठरवून टाकलं. आणि सातवा लोकी, नॉर्स पुराणातला कपटी देव, इथे सुरुवातीला लहान पोराच्या रूपातला, ज्याच्या एका शब्दावर कुणी विश्वास ठेवू नये आणि सगळे ठेवतात.

व्हिलनही भारी. तिचं नावच 'मदर'. बिली टेडीसाठी, त्याची मेलेली आई दुसऱ्या विश्वातून ओढून आणायला जातो आणि आईच्या रूपात येते ही बया, जी मोठ्या माणसांना ताब्यात घेते, म्हणजे मदत मागायला घरी गेलात की घरचेच तिच्या बाजूने. मोठ्यांना संकट दिसतच नाही ही आयडिया सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना वेगळी समजवावी लागत नाही, मनूने दुसऱ्या भागातच "बरोब्बर" म्हणून मान डोलावली होती आणि तिच्या आईकडे, म्हणजे माझ्या ताईकडे, एक कटाक्ष टाकला होता.

मकेल्वीची मांडणी म्हणजे काय सांगू. चौथ्या अंकात एक दोन पानी चित्र आहे, नाइटक्लबचा वरून काढलेला नकाशा, आर्किटेक्ट काढतात तसा, आणि त्यात नोह-वार एकटाच मारत मारत फिरतोय, कुठे काय केलं त्याला आकडे दिलेत. मी त्या पानावर बोट ठेवून एक-दोन-तीन करत गेलो होतो, लहानपणी सापशिडी खेळायचो तसा. त्यामुळे शेवटच्या अंकात असंच काहीतरी दणदणीत असणार ही माझी अपेक्षा.

आणि शेवटचा अंक उघडतो तर पार्टी. न्यू इयरची पार्टी! मदरचं काम तेराव्या अंकातच तमाम. चौदावा आणि पंधरावा, दोन्ही अंकभर ही पोरं नाचतायत, कोपऱ्यात बसून बोलतायत, कुणाचं ब्रेकअप झालंय ते एकमेकांना टाळतायत. त्यात दर काही पानांनी चित्रकारच बदलतो, पंधराव्यात बेकी क्लूनन, मिंग डॉइल, जो किनोनेस आणि स्वतः मकेल्वी, म्हणजे कालपर्यंत ओळखीचा चेहरा पान उलटलं की वेगळ्याच नाकाचा. मनू वैतागून म्हणाली, "मामा, यात फायटिंगच नाहीये! आपण एवढी पावडर कशासाठी घालतोय?"

मी पण पहिल्या रात्री हेच म्हणालो. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या रात्री मात्र एक पान फारच हट्टाला पेटलेलं, आम्ही पंख्याखाली ते सुटायची वाट बघत बसलो आणि मला अनंत चतुर्दशीची आठवण आली. इंदूरबाहेरच्यांना सांगतो, आमच्याकडे त्या रात्री झांक्या निघतात, म्हणजे दिव्यांनी सजवलेले चित्ररथ, कापड मिलचे. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. गिरण्या बंद पडून जमाना झाला पण त्यांच्या झांक्या अजून निघतात, रात्रभर, आणि सगळं शहर रस्त्यावर. कॉलेजात आमची सहा जणांची गँग दर वर्षी जायची. मी, एक सिंधी, एक बोहरी, एक मल्याळी ज्याचे बाबा बँकेत बदलीवर आलेले, एक खास मालवी पोरगा जो प्रत्येकाला "भिया" म्हणजे भैया म्हणायचा, आपल्या आजीलासुद्धा, आणि एक जैन. आता गंमत अशी की पहाटे चारला पाय मोडून आम्ही पोह्याच्या गाडीपाशी पोचायचो, कढईतून वाफ येतेय, जिलेबी तळली जातेय, आणि आम्ही खायचो नाही. का, तर जैन गड्याला सूर्य उगवेपर्यंत चालत नाही. मग सगळे फुटपाथवर बसून सूर्याची वाट बघणार, दीड-दोन तास. तो म्हणायचा खा रे तुम्ही, पण कुणी खायचं नाही, आणि ह्यात आपण काही मोठं करतोय असं कुणाच्या डोक्यातही यायचं नाही, फक्त सिंधी पंधरा-पंधरा मिनिटांनी आकाशाला शिव्या द्यायचा. उजाडलं की पोहे, वर सेव, जीरावन मसाला, जैनाचे कांद्याशिवाय. झांक्यांमधलं मला आज फारसं काही आठवत नाही. कुठली पहिली आली, कुठल्यात हलणारा हनुमान होता, सगळी सरमिसळ. ते फुटपाथवरचे दोन तास मात्र कोण कुठे बसलेलं तिथपर्यंत आठवतायत.

तर शेवटचा अंक हा म्हणजे ते दोन तास आहेत. लढाई होऊन गेली, आता कुणी कुणाला वाचवायचं नाहीये, तरी कुणी घरी जात नाहीये. हे डोक्यात आल्यावर मी मनूला म्हटलं, परत पहिल्या पानापासून घेऊ.

आणि मग सापडायला लागलं. सगळ्यात भारी जागा म्हणजे बोलता बोलता केटच्या डोक्यात मोजणी सुरू होते, अरे, हा गे, तो गे, डेव्हिड बायसेक्शुअल, म्हणजे अख्ख्या टीममध्ये स्ट्रेट मी एकटीच की काय? तर अमेरिका शांतपणे तिला सांगते की प्रिन्सेस, तू माझ्याकडे कशी बघतेस ते पाहिलंय मी, तू पण काही तेवढी स्ट्रेट नाहीस. बास. एवढंच. मनू एवढ्या जोरात हसली की आई आतून "पान फाटलं का" विचारत आली. तेरा अंक ही पोरं एकत्र लढली आणि कोण काय आहे ही मोजणी करायला केटला शेवटच्या अंकात फुरसत मिळाली, तीही पार्टीत, गंमत म्हणून. २०१४ मध्ये ह्या मालिकेला ग्लाड या अमेरिकेतल्या एलजीबीटी संस्थेचा उत्कृष्ट कॉमिकचा पुरस्कारही मिळाला, पण मला विचाराल तर पुरस्कारापेक्षा मनूचं ते हसणं खरं. आता कुणी म्हणेल की एवढे सगळे एकाच टीममध्ये कसे, मुद्दाम भरलेत. असतील भरले! आमच्या गँगमध्ये तरी कुणी मुद्दाम भरलं होतं का? कॉलेजचे रोल नंबर तसे लागले.

एकच गोष्ट मला खटकली आणि अजून खटकते. लोकी. सगळ्या भानगडीमागे आपणच होतो हे तेराव्या अंकात कबूल करून तो निघून जातो, आणि पार्टीत तो नाही. मनूचं म्हणणं, बरोबर आहे, त्याने फसवलं, त्याला कोण बोलावणार. माझं म्हणणं, अगं पण आणलं त्यानेच ना सगळ्यांना एकत्र. आमच्यातही असा एक होता, सहामध्ये मी त्याला धरला नाही, झांकीला जायची टूम मूळची त्याची, नंतर पैशावरून वाजलं. यावर आमचा वाद झाला तो झालाच, पान सुटलं तेव्हा दोघांचंही लक्ष नव्हतं आणि एका चेहऱ्याचा नखाएवढा तुकडा समोरच्या पानावर चिकटून निघाला. आता त्या चौकटीत कुणाला तरी गालच नाहीये आणि पलीकडे पार्टीच्या दिव्यांमध्ये उगाच एक गाल तरंगतोय.

ऑगस्टमध्ये मनू पुण्याला गेली, ॲडमिशन झाली, हॉस्टेल मिळालं. जाताना तिसरा भाग घेऊन गेली. मी म्हटलं पहिले दोन पण ने, तर म्हणे बॅगेत जागा नाही, आणि ते मी वाचलेत. पुण्यात पोरी तिच्या मराठीला हसतात म्हणे, "मला भूक लागून आली" म्हटलं की. तिने अनंत चतुर्दशीच्या रात्री व्हिडिओ कॉल केला, "मामा झांकी दाखव", मी राजवाड्यापाशी हात उंच करून उभा, नेटवर्क असं की तिला दिसला असेल तर फक्त एक निळा ठिपका. पुस्तकाचं काय झालं विचारलं तर म्हणाली रूममेटला वाचायला दिलंय, कोल्हापूरची आहे, तिने आधी उघडून वास घेतला आणि विचारलं, कॉमिकला पावडरचा वास का येतोय?

अजून परत आलेलं नाही. पहिले दोन भाग माझ्याकडे, तिसरा कोल्हापूरच्या मुलीकडे, आणि विकणाऱ्याचे चार दिवस अजून चालूच आहेत.