रेवाचिनी, भांगेचे बी आणि सासूबाईंचे चूर्ण

आमच्या सासूबाई गेली अकरा वर्षे रात्री जेवणानंतर पोट साफ होण्याचे तयार चूर्ण कोमट पाण्यातून घेत होत्या. या उन्हाळ्यात एक चमचा पुरेना म्हणून त्यांनी दोन घ्यायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात पायांत गोळे येऊन त्यांना अशक्तपणा जाणवू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा पोटॅशियम कमी निघाले. डबीवरची यादी त्या दिवशी मी प्रथमच चष्मा लावून वाचली आणि तिच्यात पहिलेच नाव सोनामुखी या रेचक वनस्पतीचे होते.

तेव्हापासून रेचकांविषयी जे मिळेल ते वाचते आहे आणि त्यात सर्वांत जास्त रमले ती पारंपरिक चिनी औषधयोजनांत. त्यांच्यातील मुख्य रेचक म्हणजे 'दा हुआंग', म्हणजेच आपल्याकडची रेवाचिनी. सांगलीच्या गणपती पेठेतील काष्ठौषधींच्या दुकानातून मी तिचा एक तुकडा आणला. तो पिवळसर तपकिरी आणि हलका होता. दाताखाली धरला तर वाळूसारखा कचकचला आणि लाळ पिवळी झाली. चिनी वैद्य या मुळाला 'सेनापती' म्हणत, कारण ते अडलेले सारे रेटून बाहेर काढते. सोनामुखी आणि रेवाचिनी यांतील रेचक द्रव्ये एकाच कुळातील आहेत. मोठ्या आतड्यातील जिवाणूंनी ती फोडल्यावरच ती काम करतात, म्हणून रात्री घेतलेल्या औषधाचा गुण सकाळी येतो.

सुमारे 1,800 वर्षांपूर्वीचे वैद्य झांग झोंगजिंग यांचा 'दा चंग ची तांग' हा काढा या सेनापतीच्याच जोरावर चालतो. आधी कच्चे कडू नारिंग आणि मॅग्नोलियाची साल उकळायची, मग रेवाचिनी घालायची, कारण ती फार वेळ उकळली तर तिचा जोर कमी होतो, आणि काढा गाळून झाल्यावर शेवटी सोडियम सल्फेटचे खनिज मीठ विरघळवायचे. मला थांबवले ते कृतीच्या अखेरच्या सूचनेने: शौचास झाली की उरलेला काढा घेऊ नये. इतक्या जहाल औषधाबरोबर ते कधी थांबवायचे हेही तिथेच लिहिले आहे, आणि आमच्या घरात ते अकरा वर्षे कोणी विचारले नव्हते, मीसुद्धा नाही.

त्याच वैद्यांची दुसरी योजना, 'मा झी रेन वान', कोरड्या, कठीण मलासाठी आहे आणि आजही ती वयस्कांना अधिक दिली जाते. तिच्यात रेवाचिनी आहेच, पण नाव आहे भांगेच्या बियांचे. त्यांच्या आणि जर्दाळूच्या बियांच्या स्निग्धतेने आतडे ओलावते, आणि सारे मधात वळून गोळ्या करतात. मूळ मात्रा दहा बारीक गोळ्या, दिवसातून तीनदा, आणि गुण दिसेपर्यंत हळूहळू वाढवायची. हाँगकाँगमध्ये 120 रुग्णांवर केलेली हिची चाचणी 2011 साली प्रसिद्ध झाली; आठ आठवड्यांच्या उपचारात औषध घेणाऱ्यांपैकी 43.3 टक्के लोकांना अपेक्षित फरक पडला, तर तुलनेसाठी दिलेले खोटे औषध घेणाऱ्यांपैकी 8.3 टक्के लोकांना.

'झंग ये तांग' या तिसऱ्या काढ्यात तर रेवाचिनी नाहीच. अंगातील ओलावा वाढवणाऱ्या तीन मुळ्या तेवढ्या आहेत. त्यामागची कल्पना अशी की पाणी आटल्यामुळे नाव अडली असेल तर ती ढकलण्याऐवजी पाणी वाढवावे. उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

रेवाचिनीचा तो तुकडा सोडला तर यांतील एकही औषध मी घरी आणलेले नाही, आणि ते काढे स्वतः उकळावेत असेही माझे म्हणणे नाही. शौचातून रक्त जात असेल किंवा उतारवयात सवय एकाएकी बदलली असेल, तर आधी डॉक्टरच गाठायला हवेत. सासूबाईंचे चूर्ण डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी केले. तासगावचे काळे मनुके रात्री भिजत घालून त्या सकाळी पाण्यासकट खातात आणि दुपारी ताकाचा दुसरा पेला कुरकुरत का होईना, पितात. पहिले दोन आठवडे त्यांनी मला पुष्कळ बोलून घेतले. आता चूर्णाची डबी फडताळात मागे गेली आहे आणि आठवड्यातून एखादे वेळी, तेही अर्ध्या चमच्यापुरती, बाहेर येते.