पाय सोडले, कंबर धरली

रविवारी राजाराम तलावात पहिल्यांदाच सलग ६०० मीटर ड्राफ्ट, म्हणजे पुढच्या पोहणाऱ्याला धरून त्याने कापलेल्या पाण्यात पोहणं, तुटला नाही! घड्याळात ११:३५. एकट्याने, तेवढ्याच दमात पोहलो की १२:१० लागतात. दोन महिने याच्यापायी वैतागलो होतो, म्हणून घरी येऊन आधी हे लिहायला बसलो.

अडचण जुनीच, मागच्या वेळी मांडलेली. टँकमध्ये पुढच्याच्या किकचे बुडबुडे स्वच्छ दिसतात, ते धरून जाता येतं. तलावात पावसाळ्यानंतरचं हिरवट गढूळ पाणी, स्वतःचं कोपर दिसत नाही तिथे बुडबुडे कुठले? दर ३०-४० स्ट्रोकला एकतर पुढे पोहणाऱ्या अण्णांच्या तळव्याला माझी बोटं लागायची, नाहीतर मान वर काढावी तर ते दोन मीटर पुढे. मान वर आली की कंबर खाली जाते, आणि ते दोन मीटर भरून काढण्यात सगळा दम संपतो. तिसऱ्या फेरीनंतर अण्णा थांबलेच. "पाय सोड की रं, किक कशी मारू?"

पाय सोडले. त्यांच्या डाव्या बाजूला आलो आणि डोकं त्यांच्या कमरेच्या रेषेत ठेवलं. मी उजवीकडूनच श्वास घेतो, त्यामुळे दर श्वासाला ते आपोआप दिसतात. सुरुवातीला चार-पाचदा हाताला हात भिडले. थोडा बाहेर सरकलो, त्यांच्या तालावर स्ट्रोक आणला, मग थांबलं. पायांमागे ५० सेंटीमीटरच्या आत ड्रॅग (पाण्याचा अडथळा) साधारण २० टक्के कमी होतो, बाजूला जेमतेम ६-७ टक्के. हे आकडे वाचूनच मी इतके दिवस पायांना चिकटलो होतो. पण सतत तुटणाऱ्या २० टक्क्यांपेक्षा टिकणारे ६-७ टक्के मला जास्त मोलाचे वाटतात.

स्टार्टही सुधारतोय. शिट्टीआधी उभं न तरंगता आडवं व्हायचं, पाय पृष्ठभागाजवळ. २० स्ट्रोक जोरात, मग लगेच नेहमीच्या लयीत. पहिल्या २०० मीटरला श्वास कोंडायचा, तो आता कोंडत नाही.

गॉगलला पैसे वाचवू नका. ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला दुसऱ्या आठवड्यातच धुकं धरायला लागला. सकाळी पूर्वेकडे जाताना ऊन थेट डोळ्यांत येतं, तेव्हा आरशासारखी काचच हवी.

आता डावीकडून श्वास घ्यायला शिकायचं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, बोया (वळणाच्या तरंगत्या खुणा) उजव्या हाताला असतील तर अण्णांच्या डावीकडे राहून मी प्रत्येक वळणाला बाहेर फेकला जाणार. म्हणजे आधी वळणच सोडवायला हवं. बोयाच्या दहा स्ट्रोक अलीकडे कमरेवरून पायांवर यायचं, वळायचं, पुन्हा कमरेला. वळणावर सगळ्यांचाच वेग पडतो, तेवढ्यापुरते पाय सापडतील. डावा श्वास पुढच्या महिन्यात. बुधवारी टँकमध्ये मधली दोरी काढून, दोन ट्यूबा बोया म्हणून सोडून तिघं मिळून फक्त वळणंच करणार आहोत.